तंजावूरची हस्तकला : प्रदर्शनातील गाळा, समाजमाध्यमे आणि लहान उद्योगाची विक्री

तंजावूर : तंजावूरच्या राजवाड्यात येणारा मराठी पर्यटक साधारणपणे नायककालीन दरबारातील कांस्यमूर्तींचे कलादालन, भोसले राजांचा मराठा दरबार आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून बाहेर पडतो आणि एक-दीड किलोमीटरवरील बृहदीश्वर मंदिराकडे निघतो. वाटेत हस्तकलेची दुकाने लागतात. सोन्याचा वर्ख लावलेली कृष्णाची चित्रे, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, चांदीच्या उठावाची ताटे आणि पांढऱ्याशुभ्र भेंडातून कोरलेली मंदिराची प्रतिकृती तेथे मांडलेली असते. हा माल शहरातील आणि आसपासच्या गावांतील लहान कार्यशाळांतून येतो. त्यांपैकी अनेक कार्यशाळा घरातच चालतात. चार-पाच माणसे काम करतात आणि त्यांतील दोन-तीन एकाच कुटुंबातील असतात.

पर्यटकाच्या पावलांवर या कार्यशाळा वर्षभर चालू शकत नाहीत. राजवाडा पाहणारा माणूस तासा-दोन तासांत निघून जातो आणि काचेच्या चौकटीतील दोन फुटी चित्र रेल्वेच्या प्रवासात सांभाळण्याची त्याची तयारी नसते. त्यामुळे ग्राहकाला शोधत बाहेर जाणे भाग पडते. त्यासाठी आज दोन मार्ग उपलब्ध आहेत : देशभरातील व्यापारी व हस्तकला प्रदर्शनांत गाळा घेणे आणि समाजमाध्यमांवरून माल लोकांपुढे ठेवणे. या दोन मार्गांपैकी एकाची निवड करावी, अशी समजूत बऱ्याच लहान उद्योजकांत आढळते. तंजावूरच्या मालाचे स्वरूप आणि कार्यशाळेचा हिशेब पाहिला, तर ही समजूत टिकत नाही.

राजाश्रयापासून गाळ्यापर्यंत

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावूर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. या पावणेदोनशे वर्षांच्या काळात राजवाडा हाच कारागिरांचा सर्वांत मोठा ग्राहक होता. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे नाव आजही दुकानदार प्रथम घेतात, आणि त्याला आधार आहे. ग्रंथालयाचा विस्तार, वैद्यकशास्त्रातील प्रयोग, १८०५ च्या सुमारास उभारलेला देवनागरी छापखाना यांबरोबरच चित्रकला, संगीत आणि धातुकाम यांनाही त्यांच्या दरबारात मान होता. कलाताटाचा आरंभ परंपरेने त्यांच्याच काळाशी जोडला जातो.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारसाविना निवर्तले आणि ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा केले. राजवाड्याची मागणी एकाएकी थांबली. तथापि ग्राहक बदलण्याची सुरुवात त्यापूर्वीच झाली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तंजावूरचे चित्रकार कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी कागदावरील चित्रसंच तयार करू लागले होते. निरनिराळ्या जाती-व्यवसायांची जोडपी, उत्सव, वाहने, देवता असे विषय त्यांत असत. असे संच आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवर टांगायचे जड लाकडी चित्र जहाजाने नेणे अवघड, म्हणून कागद. दूरच्या वाचकाला देश समजावा, म्हणून जोडपी आणि व्यवसाय. नव्या ग्राहकासाठी विषय, आकार आणि माध्यम बदलण्याचे हे उदाहरण दोनशे वर्षे जुने आहे. विपणन हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, एवढेच.

पुढे प्रदर्शनांचे युग आले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात भारतीय हस्तकलांना स्वतंत्र विभाग मिळाला आणि १८५५ मध्ये, म्हणजे तंजावूर खालसा झाले त्याच वर्षी, मद्रासमध्येही मोठे प्रदर्शन भरले. स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारी संस्थांकडे आली. तमिळनाडू हस्तकला विकास महामंडळ १९७३ मध्ये स्थापन झाले. ‘पूंपुहार’ या नावाने त्याची विक्रीकेंद्रे चालतात. दक्षिण विभाग सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय १९८६ पासून तंजावूर येथेच आहे.

मालाचा गुण आणि दाखवण्याची अडचण

तंजावूर चित्राचा पाया फळीचा असतो. पूर्वी फणसाचे लाकूड वापरीत. आता प्लायवूड सर्रास वापरले जाते. त्यावर कापड चिकटवून खडूची भुकटी आणि चिंचोक्याची खळ यांचे थर दिले जातात आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. रेखाटन झाल्यावर दागिने, महिरप, सिंहासन, वस्त्रांचे काठ अशा भागांवर त्याच जातीच्या लेपाचा उठाव देऊन खडे बसवतात. उठावावर सोन्याचा वर्ख चढतो. रंगकाम आणि चेहरा सर्वांत शेवटी येतात. एका मध्यम आकाराच्या चित्राला काही आठवडे लागतात, कारण प्रत्येक थर वाळावा लागतो.

या चित्राचा गुण उठावात आणि वर्खाच्या झळाळीत असतो. समोरून घेतलेल्या छायाचित्रात नेमक्या याच दोन गोष्टी हरवतात. उठाव सपाट दिसतो आणि सोने पिवळ्या रंगासारखे दिसते. याउलट, छापील कागदावर सोनेरी पत्रा चिकटवून केलेली नक्कल मोबाइलच्या पडद्यावर अस्सल चित्राइतकीच, कधी अधिकच, चकचकीत भासते. समाजमाध्यमांवर अस्सल आणि नकली माल शेजारी शेजारी उभा राहतो आणि ग्राहकाला फक्त किंमत वेगळी दिसते. तंजावूरच्या कारागिराचे मोठे नुकसान येथे होते.

इतर वस्तूंचेही असेच आहे. कलाताटात पितळी पायावर तांब्याचा व चांदीचा पत्रा ठोकून आकृती उठवलेल्या असतात. ताट हातात घेतल्यावरच त्याचे वजन आणि मागची बाजू समजते. मान डोलावणाऱ्या बाहुलीत डोके, धड, घागरा असे भाग सुटे करून एकमेकांवर तोललेले असतात आणि ते एका बोटाच्या स्पर्शाने डोलतात. बुडाशी जड आणि गोलाकार असलेल्या राजा-राणीच्या बाहुल्या आडव्या केल्या तरी उभ्या राहतात. वीणा फणसाच्या लाकडातून घडते. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या वीणेला ‘एकांड वीणा’ म्हणतात. तिचा आवाज ऐकल्याशिवाय जाणकार वादक ती घेत नाही. ‘नेट्टी’ म्हणजे महाराष्ट्रात बाशिंगासाठी वापरला जाणारा भेंड. त्यातून कोरलेली मंदिराची प्रतिकृती किती हलकी आहे, हे उचलून पाहिल्याशिवाय पटत नाही.

स्पर्श, वजन, हालचाल, आवाज आणि तिरपा प्रकाश गाळ्यावर दाखवता येतो. मात्र चित्रामागचे कित्येक आठवड्यांचे श्रम गाळ्यावर दिसत नाहीत. ते दाखवण्यास चित्रफीत उपयोगी पडते. दोन्ही माध्यमांची कामे अशी वेगळी आहेत आणि एकाची उणीव दुसरे भरून काढते.

कोणत्या प्रदर्शनात जावे

प्रदर्शन हा एकच शब्द असला तरी त्याचे प्रकार निराळे आहेत आणि चुकीच्या ठिकाणी गाळा घेणे ही लहान उद्योगाची सर्वांत महाग चूक ठरते. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचा ‘आयएचजीएफ दिल्ली मेळा’ ग्रेटर नोएडा येथे वर्षातून दोनदा भरतो. तेथे येणारे बहुतेक परदेशी घाऊक खरेदीदार, त्यांचे प्रतिनिधी आणि मोठ्या दुकानांचे मालक असतात. ते सुटा नग विकत घेत नाहीत. नमुना पाहतात आणि एकसारखे पाचशे नग किती दिवसांत मिळतील, असे विचारतात. चित्रकाराकडे याचे उत्तर नसते. बाहुल्या किंवा भेंडकाम करणारे काही गट एकत्र आले तर ते देता येऊ शकते.

नवी दिल्लीत दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भरणाऱ्या भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात पहिले काही दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात आणि नंतर सामान्य ग्राहकांची गर्दी होते. हरियाणातील सूरजकुंड मेळा १९८७ पासून भरतो. दिल्ली हाट १९९४ मध्ये सुरू झाला. तेथे कारागिरांना ठरावीक काळासाठी आळीपाळीने गाळे मिळतात. मुंबईत १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव आणि ग्रामीण बचत गटांचे ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. या सर्व ठिकाणी किरकोळ विक्री होते, ग्राहक थेट बोलतो आणि पैसे लगेच मिळतात.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र दिले जाते. सरकारी पुरस्कृत प्रदर्शनांतील गाळ्यांसाठी ते जवळपास अनिवार्य आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणारे, मूर्तिकार आणि सोनार येतात. चित्रकार येत नाहीत. पात्र कारागिराला ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते आणि विपणन साहाय्यात प्रदर्शनांचाही समावेश आहे. एकाच घरात बाहुलीकार आणि चित्रकार असतील, तर त्यांची कागदपत्रे वेगवेगळी ठेवणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

परराज्यातील प्रदर्शनाला माल नेताना वस्तू व सेवा कराचा प्रश्न हमखास येतो. अधिसूचित हस्तकला वस्तू बनवणाऱ्या, वार्षिक उलाढाल विहित मर्यादेच्या आत असलेल्या कारागिराला दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी तात्पुरती नोंदणी घेण्यापासून सूट आहे. त्या यादीत हाताने काढलेल्या चित्रांमध्ये तंजावूर चित्राचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र पॅन क्रमांक लागतो आणि राज्याबाहेर जाणाऱ्या अशा मालासाठी किंमत ५० हजार रुपयांपेक्षा कमी असली तरी ई-वे बिल करावे लागते. हा तपशील ठाऊक नसल्यास तपासणी नाक्यावर माल अडकू शकतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी रिकामा गाळा घेऊन बसावे लागते.

गाळ्याचा हिशेब

समजा, दहा दिवसांच्या प्रदर्शनासाठी भाडे, मालवाहतूक, दोघांचा प्रवास, निवास आणि जेवण मिळून ६० हजार रुपये खर्च झाला. मध्यम आकाराच्या एका चित्रामागे साहित्य आणि मजुरी वजा जाता २ हजार रुपये सुटतात असे धरले, तर केवळ खर्च भरून काढण्यासाठी ३० चित्रे विकावी लागतील. कार्यशाळेत चौघे काम करीत असतील आणि प्रत्येकाला एका चित्रासाठी दोन आठवडे लागत असतील, तर ३० चित्रे म्हणजे सुमारे १५ आठवड्यांचे उत्पादन झाले. ते सगळे दहा दिवसांत विकले तरी हाती नफा शून्य राहतो.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले, तरी हस्तकलेच्या प्रत्येक गाळ्याला हे गणित कमीअधिक प्रमाणात लागू पडते. संध्याकाळी गल्ला मोजून प्रदर्शन यशस्वी झाले की फसले, हे ठरवणारा कारागीर बहुतेक वेळा निराश होतो आणि पुढच्या वर्षी जात नाही. गाळ्यावर ८ चित्रे गेली, पण तेथे भेटलेल्या लोकांकडून वर्षभरात आणखी २५ मागण्या आल्या, तर तोच गाळा फायद्याचा ठरतो. त्या मागण्यांना दुसऱ्या प्रवासाचा खर्च नसतो. म्हणून गाळ्यावर थांबलेल्या प्रत्येक गंभीर ग्राहकाचा संपर्क त्याच्या संमतीने नोंदवून घेणे, त्याने कोणते चित्र किती वेळ पाहिले आणि कोणत्या कारणाने घेतले नाही, हे दोन शब्दांत लिहून ठेवणे, हे विक्रीइतकेच महत्त्वाचे काम आहे. एक साधी वही त्यासाठी पुरते.

मांडणीबाबत लहान गाळ्यांत एक चूक वारंवार दिसते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद जागेत तीन भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत चित्रे टांगली जातात. जितका माल दिसेल तितकी विक्री होईल, असा त्यामागचा विचार असतो. प्रत्यक्षात सोन्याने भरलेली पन्नास चित्रे एकत्र पाहिल्यावर नजर कशावरच ठरत नाही. एक मोठे चित्र मध्यभागी, डोळ्यांच्या उंचीवर. त्याच्या बाजूला मध्यम आकाराची मोजकी चित्रे. पुढच्या मेजावर सहज परवडतील आणि पिशवीत मावतील अशा वस्तू, अशी मांडणी माणसाला थांबवते. मोठे चित्र बहुधा विकले जात नाही. ते पाहून माणूस आत येतो आणि लहान घेऊन जातो.

प्रकाशाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. प्रदर्शनाच्या मंडपातील पांढरे दिवे वरून सरळ पडतात, काचेवर चमक येते आणि उठाव दिसत नाही. बाजूने तिरपा पडणारा पिवळसर दिवा लावला की वर्ख उजळतो आणि उठावाची सावली पडते. निदान एक चित्र काचेविना ठेवावे. त्याच्याशेजारी अपुऱ्या चित्रांच्या चार-पाच फळ्या क्रमाने मांडल्या (नुसते कापड चिकटवलेली, लेप दिलेली, रेखाटलेली, खडे बसवलेली, वर्ख चढवलेली), तर किंमत इतकी का, हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. बाहुल्यांच्या गाळ्यावर एक बाहुली ‘हात लावू नका’ या पाटीविना असावी. मुले तिला डोलवतात आणि मुलांमागे पालक थांबतात.

किमतीची चिठ्ठी प्रत्येक वस्तूवर असलेली बरी. किंमत विचारावी लागली की अनेकजण न विचारताच पुढे जातात, विशेषतः महानगरांत. भाषेचेही तसेच आहे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात तमिळ आणि इंग्रजी पाट्यांसोबत मराठीत चार ओळी असल्या, भोसले घराण्याचा आणि तंजावूरचा संबंध नेमक्या सनावळीसह सांगितलेला असला, तर मराठी ग्राहकाच्या दृष्टीने ती वस्तू परकी राहत नाही. सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांची शेकडो बंडले आहेत. तंजावूरमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आजही राहतात. हा वारसा सांगण्यासारखा आहे. मात्र ‘शिवकालीन कला’ यांसारखी ढोबळ विशेषणे त्यासाठी वापरू नयेत. जाणकार ग्राहक तेथेच सावध होतो.

मोबाइलचा पडदा

भारतात समाजमाध्यमांवरील किरकोळ विक्रीला आकार आला तो गेल्या दहा वर्षांत. २०१६ मध्ये यूपीआय आले. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे स्वतंत्र ॲप आले आणि पुढच्या वर्षी त्यात वस्तूंची सूची दाखवण्याची सोय झाली. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. करोनाच्या टाळेबंदीत प्रदर्शने बंद पडली, तेव्हा हस्तकला क्षेत्रातील अनेकांनी प्रथमच मोबाइलवरून माल विकला. वस्त्रोद्योग मंत्रालयानेही २०२३ मध्ये ‘इंडिया हँडमेड’ हे विणकर व कारागिरांसाठीचे विक्री संकेतस्थळ सुरू केले.

तंजावूरच्या मालासाठी छायाचित्रापेक्षा चित्रफीत अधिक उपयोगी आहे, याचे कारण वर आलेच आहे. मोबाइल स्थिर ठेवून चित्र हळूहळू तिरपे केले की सोन्यावरचा प्रकाश सरकतो आणि उठाव दिसतो. छापील नकलेत तसे होत नाही. वर्ख लावताना श्वास रोखून धरलेला हात, ताटाच्या पत्र्यावर पडणारी हातोडी, वीणेच्या पडद्यांखाली मेण बसवण्याचे काम, डोळे रेखाटण्याचा शेवटचा टप्पा, हे सारे कारागिराला रोजचे वाटते आणि दूरच्या माणसाला खिळवून ठेवते. त्यासाठी पार्श्वसंगीत, झगमगाट किंवा भाडोत्री कॅमेरा लागत नाही. खिडकीजवळचा सकाळचा उजेड आणि पुसलेली लेन्स एवढ्यावर काम भागते.

नोंदी रोज टाकण्याचा आग्रह अनेक सल्लागार धरतात. चार माणसांच्या कार्यशाळेत ते शक्य नसते आणि त्यामागे लागून चित्रकाराचा हात थांबत असेल, तर तो सल्ला महागच पडतो. आठवड्यातून दोन चांगल्या चित्रफिती आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर, ही शिस्त अधिक फळ देते. उत्तरात किंमत, आकार, वजन, वर्खाचा प्रकार, फळीचा प्रकार, तयार होण्यास लागणारा काळ आणि पाठवणीचा खर्च स्पष्ट असावा. ‘किमतीसाठी संदेश पाठवा’ असे लिहिण्याची पद्धत रूढ असली, तरी ती ग्राहकाला गाळ्यावरील चिठ्ठीविना वस्तूप्रमाणेच दूर ठेवते.

गाळा आणि मोबाइल एकमेकांना जोडण्याचे काम तीन टप्प्यांत होते. प्रदर्शनापूर्वी दोन आठवडे जुन्या ग्राहकांपैकी त्या शहरात राहणाऱ्यांना गाळा क्रमांक आणि तारखा कळवायच्या. प्रदर्शनाच्या काळात गाळ्यावर क्यूआर कोडची पाटी लावून तो थेट वस्तूंच्या सूचीशी जोडायचा, म्हणजे आज न घेणारा माणूस घरी जाऊन कुटुंबाला चित्र दाखवू शकतो. तिसरा टप्पा परतल्यानंतरचा आहे आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो. थकून घरी आल्यावर वही पेटीत जाते. आठवडाभरात वहीतील प्रत्येकाला त्याने पाहिलेल्या चित्राचाच संदर्भ देऊन एक संदेश गेला, तर तो जाहिरात वाटत नाही. सगळ्यांना एकच मजकूर आणि तोही दर दोन दिवसांनी पाठवला, तर क्रमांक अवरोधित होतो.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचा उपयोग मर्यादित आहे. प्रदर्शनाच्या शहरापुरती, त्या दहा दिवसांपुरती केलेली छोटी जाहिरात माणसे गाळ्यापर्यंत आणू शकते. एरवी देशभर पसरलेली जाहिरात पसंतीच्या खुणा मिळवते, मागण्या नव्हे. समाजमाध्यमांवरील लोकप्रिय व्यक्तींना वस्तू भेट देऊन प्रसिद्धी मिळवायची असेल, तर ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार मोबदल्याचा उल्लेख त्या व्यक्तीने स्पष्टपणे करावा लागतो. भेटवस्तू हाही मोबदलाच मानला जातो.

नाव कोणाचे

तंजावूर चित्रांना २००७-०८ मध्ये आणि बाहुल्यांना २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कलाताट आणि वीणा यांनाही ते आहे. भेंडकामाची नोंदणी २०२० मध्ये झाली. १९९९ च्या कायद्यानुसार हे मानांकन कोणा एका व्यापाऱ्याचे नसते. त्या प्रदेशातील उत्पादक ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईतील नोंदणी कार्यालयात स्वतंत्र नोंद करू शकतो आणि अशी नोंद असलेल्यालाच मानांकनाचा कायदेशीर वापर करता येतो. अनेक कार्यशाळा मानांकनाचा उल्लेख करतात, पण आपली नोंद करत नाहीत. नोंद झालेली असेल तर तिचा क्रमांक गाळ्यावरील पाटीवर आणि समाजमाध्यमावरील परिचयात द्यावा. नकली मालाच्या विक्रेत्याकडे तो नसतो.

मानांकनाचे आणि समाजमाध्यमांचे एकत्रित बळ काय करू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने २०२५ मध्ये पाहिले. जूनमध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी साम्य असलेली पादत्राणे मांडली आणि मूळ कलेचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे संयुक्त मानांकन मिळालेले होते. समाजमाध्यमांवर टीकेची लाट उसळली. त्यानंतर कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापूरला येऊन गेले आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी सहकार्याचा करार झाला. कारागिरांकडे नोंदवलेले नाव होते, म्हणून दावा उभा राहिला. नावाविना केवळ संताप उरला असता आणि तो आठवडाभरात विरला असता.

खऱ्या मालाची बाजू घेताना स्वतःचे दावेही तपासावे लागतात. वर्ख सोन्याचा नसेल तर तसे सांगणे बंधनकारकच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते. नव्या चित्राला किंवा कांस्यमूर्तीला ‘प्राचीन’ म्हणण्याचा मोह विशेष धोक्याचा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंची खासगी निर्यात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निषिद्ध आहे. अशी जाहिरात पाहून परदेशी पाठवणीच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी माल रोखला, तर तो पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवत बसावे लागते.

मागणी आल्यानंतर

एखादी चित्रफीत अनपेक्षितपणे लाखो लोकांपर्यंत पोहोचते आणि दोन दिवसांत शंभर मागण्या येतात. ऐकायला हे सुदैव वाटते. महिन्याला आठ चित्रे करणाऱ्या कार्यशाळेने त्या सर्व स्वीकारल्या, तर शेवटच्या ग्राहकाला वर्षभर थांबावे लागेल. त्यापूर्वीच त्याची तक्रार त्याच समाजमाध्यमावर झळकेल. घाईत थर न वाळवता केलेल्या चित्राला वर्षभरात तडे जातात, ते निराळेच. अशा वेळी काहीजण बाहेरून तयार माल आणून आपल्या नावाने पाठवतात. प्रदर्शनात हाताने दाखवून मिळवलेला विश्वास त्यामुळे एका पार्सलमध्ये संपतो. तारीख लिहून दिलेली प्रतीक्षायादी, निम्मी रक्कम विसार म्हणून आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे याची मधूनमधून पाठवलेली छायाचित्रे, एवढ्यावर ग्राहक तीन महिनेही आनंदाने थांबतो. त्याला आपले चित्र घडताना पाहायला मिळते, आणि तीच छायाचित्रे त्याच्या संमतीने पुढची जाहिरात होतात.

पाठवणी हा वेगळाच विषय आहे. काचेची चौकट लांबच्या प्रवासात फुटण्याची शक्यता मोठी असते. म्हणून चित्र काचेविना, लाकडी पेटीत पाठवून चौकट ग्राहकाच्या गावी करून घेण्याचा सल्ला देणे हिताचे ठरते. बाहुली सुट्या भागांत पाठवता येते आणि ती जोडण्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत सोबत दिली की फोन येत नाहीत. परदेशी पाठवण्यासाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे २०२२ पासून सुरू झाली आहेत. लहान पार्सलांना ती सोयीची पडतात.

तंजावूरच्या कार्यशाळांचे वर्ष सणांच्या क्रमाने ठरते. नवरात्रात तमिळ घरांतून पायऱ्यांवर बाहुल्यांचा ‘कोलू’ मांडला जातो. त्यासाठीची प्रदर्शने त्याआधीच सुरू होतात आणि बाहुल्यांची मोठी विक्री त्याच दिवसांत होते. डिसेंबर-जानेवारीत चेन्नईत मार्गळी महिन्याच्या संगीत मैफली सुरू असतात, तेव्हा वीणेची विचारणा वाढते. नोव्हेंबरमध्ये दिल्ली, फेब्रुवारीत सूरजकुंड आणि मुंबई. मातीची बाहुली आणि चित्राचा लेप पावसाळी हवेत नीट वाळत नाही आणि कावेरीच्या खोऱ्यात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्यामुळे हिवाळी प्रदर्शनांसाठीचा माल मार्च ते ऑगस्ट या कोरड्या महिन्यांतच तयार करावा लागतो. गाळ्याचे अर्ज, पहचान ओळखपत्राचे नूतनीकरण आणि कर्जाची मागणीही त्याच काळात उरकावी लागते.